मोघेकाकांची डावी सीट

मोघेकाकांच्या गाडीला ज्याने मागे टाकलं नाही असा माणूस जर्मनीत, ब्राउनश्वाइगच्या आसपास शोधून सापडला नसता. ट्रकवाले सोडाच, सायकलवाले टाकायचे. टपाल वाटणारा टाकायचा आणि जाताना टोपी उचलायचा. एकदा तर चढावर एक बाई बाबागाडी ढकलत आमच्या पुढे निघून गेली. मी मागच्या सीटवर शरमेने अंग चोरून बसले, आणि काका आपले खुशीत. "जाऊ दे गं तिला, घाई असेल. आल्झो, आपल्याला कुठे मिरजेची गाडी पकडायचीय?"

या 'आल्झो'ची मला आधी फार चीड यायची. 'म्हणजे', 'तर', 'असो' या सगळ्यांच्या जागी ते हा एकच जर्मन शब्द ठोकून द्यायचे. तीस वर्षं तिथे काढलेला माणूस, तरी मराठी मात्र अस्सल मिरजेची, आणि तीही त्यांनी मिरज सोडली तेव्हाची. आमच्या पिढीने टाकून दिलेले शब्द त्यांच्याकडे घडी घालून ठेवल्यासारखे नीट होते. 'मोटार' म्हणायचे, 'दिवाबत्ती' म्हणायचे, आणि मी तोकड्या बाह्यांचा ब्लाउज घातला की 'पोलकं कुठे राहिलं?' म्हणून विचारायचे. मी मनात म्हणायचे, तुम्हाला काय करायचंय!

एकोणीसशे पन्नास आणि साठच्या मधली ती वर्षं. मी सांगलीची, उसाच्या मुलखातली, आणि साखरेच्या रसायनावर संशोधन करायला, बीटापासून साखर काढणाऱ्या मुलखात जाऊन पडलेली. कुणाच्या तरी ओळखीने पत्र गेलं आणि मोघेकाकांनी त्यांच्या घरातली माडीवरची खोली मला दिली. गावाबाहेर, शेतांच्या कडेला छोटंसं विटांचं घर. घरात काका, त्यांची जर्मन बायको एल्झे, आणि मागच्या शेडमध्ये ती गाडी. मूलबाळ नव्हतं. गाडीबद्दल दोघं ज्या तऱ्हेने बोलायचे, त्यावरून मला पहिला आठवडाभर शेडमध्ये कुणी आजारी नातेवाईक ठेवलाय की काय असंच वाटत होतं.

काका कॅमेऱ्याच्या एका कारखान्यात भिंगं तपासायचे. दिवसभर भिंग उजेडाकडे धरायचं आणि त्यातला डाग, बुडबुडा, ओरखडा हुडकायचा, हे काम. त्याची हाताला इतकी सवय की घरीही जे हातात येईल ते उजेडाकडे जायचं. पाण्याचा ग्लास, द्राक्षाचा मणी, माझं घरून आलेलं पत्र. जेवताना काकडीची चकती काट्याला टोचून खिडकीकडे धरायचे, एक डोळा मिटायचे, आणि मग तोंडात टाकायचे. काकू हसायच्या. त्या त्यांना 'अहो' म्हणत. लग्नानंतर काकांनी शिकवलं होतं म्हणे, आपल्याकडे बायका नवऱ्याला असंच बोलावतात म्हणून. गावातल्या बेकरीतसुद्धा "अहोसाठी राय ब्रेड द्या" असं सांगायच्या, आणि बेकरीवाली बाई काकांना मनापासून 'हेर अहो', म्हणजे 'श्रीयुत अहो', म्हणायची.

गाडी म्हणजे बेबी ऑस्टिन. इंग्लंडातल्या साध्या नोकरदारांनी बायकापोरांना घेऊन रविवारी फिरावं म्हणून निघालेली, आपल्याकडे डॉक्टर-वकिलांच्या दारात दिसायची, तीच. चार जणांची म्हणायची, पण ते चार जण एकमेकांच्या जवळच्या नात्यातले असलेले बरे, कारण पुढे दोघं बसले की खांद्याला खांदा लागायचा. क्लचवरचा पाय बोटभर उचलला की ती उडीच मारायची. काका सहा फुटी. ते आत शिरले की गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर यायचे. सुरू करायला पुढून हँडल मारावं लागे. हँडल मारण्याआधी काका टोपी काढून बॉनेटवर ठेवत आणि म्हणत, "ऊठ बाई, रविवार आहे."

मिरजेत ते शाळेत असताना गल्लीतल्या डॉक्टरांकडे अशीच गाडी होती. ती ढकलायला सगळी पोरं धावायची, आणि जो सगळ्यात जास्त ढकलेल त्याला पुढच्या चौकापर्यंत आत बसायला मिळायचं. "मी किती ढकलली असेन सांग, मालू! आणि बसायला मिळालं एकदा." युद्धाच्या वर्षांबद्दल काका कधी अवाक्षर काढत नसत, आणि मीही विचारलं नाही. पण युद्ध संपल्यावर ब्राउनश्वाइग इंग्रजांच्या ताब्यात आलं, आणि एका इंग्रज अधिकाऱ्याच्या अंगणात त्यांना ही गाडी दिसली. गिअर निकामी, टायर बसलेले. ते कुंपणाबाहेर उभे राहून रडायला लागले. अधिकारी बाहेर आला, त्याला वाटलं माणूस उपाशी आहे, त्याने पाव दिला. पुढे काकांनी त्याचा कॅमेरा दुरुस्त करून दिला, आणि बदली झाल्यावर जाताना तो म्हणाला, हे खटारं तुलाच घेऊन जा. ते खटारं काका ढकलत घरी घेऊन आले. आठ किलोमीटर. "आल्झो, यावेळी आत बसायला कुणाला विचारावं लागणार नव्हतं," असं ते दर वेळी सांगायचे.

तर या गाडीत एक मोठी गोची होती. गाडी इंग्रज, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. आणि जर्मनीत वाहतूकही उजवीकडून. म्हणजे काका बसायचे ते रस्त्याच्या कडेला, झाडांच्या बाजूला. पुढे ट्रक किंवा बीट भरलेला ट्रॅक्टर आला, की त्याच्या पलीकडून समोर काय येतंय ते त्यांना दिसायचंच नाही. दिसायचं ते डाव्या सीटवरच्या माणसाला. आणि डाव्या सीटवर पहिल्या दिवसापासून एल्झेकाकू.

त्याचा एक विधीच होता. काका विचारत, "एल्झे, कसं काय?" काकू काच खाली करून मान बाहेर काढत, आणि सांगत, "थांबा!" नाहीतर, "मोकळं!" 'मोकळं' म्हणताना डावा हात बाहेर काढून दाखवायचा, म्हणजे मागच्यांना कळावं की गाडी डावीकडे येतेय. काकांचा हात उजवीकडे, तो बाहेर काढून दिसणार कुणाला? आपल्या त्या डाव्या हातासाठी काकूंनी लाल लोकरीचा हातमोजा विणला होता. एकच. उजव्या हाताचा कधी विणलाच नाही.

हे सगळं मराठीत चालायचं, कारण गाडीत जर्मन बोलायची बंदी होती. काकांचा हिशेब सरळ होता: "गाडी इंग्रज, एल्झे जर्मन, मी मिरजेचा. भाषा कुणाची? जो चालवतो त्याची." त्यामुळे काकूंना मराठी आली ती फक्त गाडीपुरती. थांबा, मोकळं, आला आला, हळू, अहो, आणि अगदीच प्रसंग आला तर 'देवा रे'. एवढ्या शब्दांवर ती बाई दर रविवारी मिरज-सांगली करून यायची.

मिरज-सांगली म्हणजे खरोखरच. काकांनी त्या मुलखाला आपली नावं दिली होती. ओकर नदीवरचा पूल म्हणजे कृष्णेचा पूल. दोन्ही बाजूंना उंच पॉप्लर लावलेला सरळ रस्ता, तो सांगली रस्ता. पलीकडची टेकडी दंडोबा. शरद ऋतूत दुपारी शेतांवर दुधाळ धुकं उतरायचं, साखर कारखान्याचा गोडसर, किंचित कुजकट वास त्यात मिसळायचा, आणि तो वास थेट आमच्याकडच्या मळीचा. मी मागे डुलकी काढत असायचे. मध्येच काका म्हणायचे, "आला कृष्णेचा पूल," आणि अर्धवट झोपेत मला खरंच घाट दिसायचा, घाटावर ओली धोतरं वाळत घातलेली दिसायची. डोळे उघडावेत तर बाहेर बदकं आणि धुकं. दोन्ही खरं वाटायचं. इतकी शांत झोप मला पुन्हा कुठल्या गाडीत लागली नाही.

एकदा पोलिसाने अडवलं. तो आपला सवयीप्रमाणे डाव्या खिडकीशी आला. आत बघतो तर चालक बाई दोन्ही हातांनी स्वेटर विणतेय! आणि गाडी अजून हळूहळू पुढे सरकतेच आहे, कारण ब्रेक लागायला तिला जरा वेळ लागायचा. पोलिसाचा चेहरा पांढराफटक. त्याने कडक आवाजात परवाना मागितला. काकूंनी विणकाम न थांबवता, गाडीचा नियम पाळून, मराठीत फर्मावलं, "थांबा!" पलीकडून काका वाकून जर्मनमध्ये समजावू लागले, तशा काकू त्यांच्यावरच डाफरल्या, "अहो!" म्हणजे गाडीत जर्मन का बोलता? शेवटी पोलिसाने स्टिअरिंग पाहिलं, आणि कपाळाला हात लावून हसत सुटला. पुढे तो दिसला की लांबूनच विणल्यासारखे हात करून दाखवायचा.

मग तो रविवार आला. मला तिथे राहून वर्ष होत आलं होतं. पुढे बीटाचा ट्रॅक्टर, आम्ही मागे. "एल्झे, कसं काय?" काकूंनी मान बाहेर काढली, पाहिलं. "मोकळं!" लाल हात बाहेर. मी सहज डाव्या काचेला नाक लावलं, आणि समोरून दुधाचा टँकर येताना दिसला. लपलेला वगैरे नाही, चांगला डोंगराएवढा. मी किंचाळले, "थांबा! काका, थांबा!" गाडी थांबली. टँकर सणसणत गेला, आमची काच थरथरली. "देवा रे," काकू म्हणाल्या, अगदी हळू. काकांनी रुमाल काढून पुढची काच आतून पुसली आणि गाडी घराकडे वळवली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात काकू बटाटे सोलत होत्या. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी हातातला बटाटा खाली ठेवला आणि जर्मनमध्ये म्हणाल्या, "मालू, मला तो टँकर दिसला नाही. मला आता मधलंच तेवढं दिसतं, तेही धुरातून पाहावं तसं. कडेचं सगळं गेलंय. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येत नाही, राहिलेलंही जाईल."

"काकांना माहीत आहे?"

"नाही! आणि तू सांगायचं नाहीस." त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, बटाट्याच्या ओल्या हाताने. "त्याला कळलं तर तो त्याच दिवशी गाडी काढून टाकेल. ओळखते ना मी त्याला. ती गाडी गेली की त्याची मिरज गेली. आणि मी... मी मग कुठे बसू?"

मला रडू आलं, आणि रागही आला. एवढ्या शहाण्या बाईने हे असं करावं? जीव गेला असता तिघांचा! मी तसं बोललेही, तावातावाने. त्या ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू मागे बसतेस. तुला दिसतं. माझ्या खांद्यावर बोट मार. मोकळं असेल तर एक, नसेल तर दोन." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले.

झालं. त्यानंतर मी एक रविवार चुकवला नाही. प्रयोगशाळेतले सोबती नदीवर जायचे, नाचायला जायचे, मला बोलवायचे. मी आपली काकूंच्या मागे, डाव्या काचेला चिकटून. "एल्झे, कसं काय?" काकू मान बाहेर काढत, पाहिल्यासारखं करत. मी सीटच्या फटीतून हळूच टिचकी मारायचे. "थांबा!" किंवा "मोकळं!" त्यांच्या आवाजात तीच ऐट. पण गंमत अशी, की 'मोकळं' झालं, लाल हात बाहेर आला, तरी काका पुढे काढतच नसत. "जाऊ दे, बीटाचा वास बरा येतोय," म्हणायचे. नाहीतर, "दंडोबाला पोचून करायचंय काय लवकर?" ट्रॅक्टरच्या मागे लांब अंतर ठेवून, पायी चालणाऱ्याच्या गतीने, धुक्यातून तासन्‌तास. मागून हॉर्न वाजायचे, लोक मुठी दाखवून जायचे. मला वाटायचं, काका म्हातारे झाले. आणि मनातून बरंही वाटायचं.

असं आणखी एक वर्ष गेलं. प्रबंध संपला, परतीचं तिकीट आलं. आणि मला रात्रंदिवस एकच घोर लागला: मी गेल्यावर टिचकी कोण मारणार? काकूंना विचारलं तर म्हणायच्या, "बघू." बघू काय बघू! एका रविवारी कुणीतरी दाराशी येऊन सांगणार, की ती लाल हातमोज्यावाली बाई आणि तो उंच हिंदी माणूस... पुढचं माझ्याच्याने मनात आणवत नव्हतं. काकूंना दिलेला शब्द मोडायचा असं मी ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी शेडमध्ये गेले. काका पुढचा दिवा काढून त्याची काच उजेडाकडे धरून बघत होते.

"काका, एक सांगायचंय. काकूंना..."

"दिसत नाही," काका म्हणाले. काच त्यांनी खाली घेतली नाही.

मी शेडचं दार मागे लोटून घेतलं.

"अगं, मी जन्मभर भिंगं तपासली. काचेतला केसाएवढा ओरखडा मला सापडतो, आणि बायकोच्या डोळ्यातला सापडणार नाही? पूर्वी ती दर ओळीला विणकामाकडे बघायची. मग बघेनाशी झाली. तू यायच्या आधीपासून."

"म्हणजे तो टँकर..."

"तू किंचाळलीस तेव्हा माझा पाय ब्रेकवरच होता. मी बाहेर काढणारच नव्हतो गाडी. तेव्हापासून नाही, त्याच्याही आधीपासून मी तिच्या सांगण्यावर कुणाच्या पुढे गेलो नाही. म्हणून तर लांब राहतो. लांबून मला माझं दिसतं."

मला इतका संताप आला! "मग मी काय वर्षभर गाढवासारखी टिचक्या मारत बसले? आणि तुम्ही दर वेळी विचारता कशाला तिला, कसं काय, कसं काय?"

काकांनी काच खाली ठेवली, हात फडक्याला पुसले. "विचारलं नाही, तर तिने त्या सीटवर बसून करायचं काय, मालू? हवा खायची? ती सीट तिची आहे. तिला तिथे काम आहे." मग जरा ओशाळून म्हणाले, "तिला कळू देऊ नकोस हं, की मला माहीत आहे. आणि आल्झो, एक सांगू? तू टिचकी फार हळू मारतेस. तिला कधीकधी लागतच नाही. मी आरशात बघतो ना. उद्या स्टेशनला जाताना जरा जोरात मार."

मी त्यांच्या ग्रीसच्या हाताला धरून रडले. विचारलं, "मी गेल्यावर कोण मारणार?" ते म्हणाले, "बघू." हा एक शब्द मात्र दोघांचा अगदी सारखा होता.

दुसऱ्या दिवशी स्टेशनला जाताना वाटेत कुणी आडवं आलंच नाही. रस्ता रिकामा. मला टिचकी मारायला मिळाली नाही, आणि काकूंनीही मागे वळून पाहिलं नाही. स्टेशनच्या दारात त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कपाळ, गाल, हनुवटी. काका म्हणाले, "मिरजेवरून गेलीस तर..." आणि वाक्य तसंच सोडून माझी पेटी खाली उतरवायला लागले. प्लॅटफॉर्मवरची रडारड काकूंना खपत नसे, म्हणून दोघं लगेच निघाले. हँडल मारण्याआधी काकांनी टोपी बॉनेटवर ठेवली आणि तशीच विसरले. गाडीने उडी मारली तशी टोपी पडली. मी उचलायला धावले, पण ते गेले होते. ती टोपी अजून माझ्याकडे आहे.

माझी गाडी पंधरा मिनिटांनी सुटली. गावाबाहेर पडल्यावर रूळ थोडा वेळ त्या पॉप्लरच्या रस्त्याला लागून जातो. दुपारचं धुकं नुकतंच उतरायला लागलं होतं. आणि त्यात मला ते दिसले. सांगली रस्त्यावर पुढे बीटाचा ट्रॅक्टर, आणि त्याच्या मागे, नेहमीसारखी लांब अंतर ठेवून, ती एवढीशी काळी गाडी. आगगाडी अजून रांगतच होती. मला वरून सगळा रस्ता दिसत होता, थेट कृष्णेच्या पुलापर्यंत. समोरून कुणी येत नव्हतं, एक सायकलसुद्धा नाही. काकांचं टोपी नसलेलं डोकं डावीकडे वळलं. ते विचारत होते. काकूंनी मान बाहेर काढली, आणि तशीच धरून ठेवली. हात बाहेर येईना.

मी काय केलं ते डब्यातल्या लोकांना कळलं नसेल. मी वाकून आगगाडीच्या काचेवर टिचकी मारली. एकच. जरा जोरात.

काकांचं डावं कोपर काकूंकडे हललं, आणि लाल हातमोजा बाहेर आला.